आईची मजुरी कुठं लिहायची?

मी लातूर जिल्ह्यात आठवी ते दहावीला गणित शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मराठीच्या मॅडम रजेवर गेल्या आणि आठवीच्या निबंधाच्या वह्या माझ्याकडे आल्या. विषय नेहमीचाच, 'मी शेतकरी बोलतोय'. त्रेचाळीस वह्या होत्या. त्रेचाळीस वह्यांत सर्जा-राजाची जोडी होती, काळी आई होती, घामाचे मोती होते आणि शेवटी न चुकता 'मी जगाचा पोशिंदा'. आमच्या गावात आता बैलजोडी ठेवणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते, पेरणीही त्यानंच. ही मुलं ते रोज बघतात. पण निबंधातला शेतकरी त्यांचा बाप नव्हता, तो गाईडमधला होता. सोयाबीन हा शब्द मला त्रेचाळीसपैकी चार वह्यांत सापडला. आडत (आडत्याचं कमिशन), पट्टी (माल विकल्याच्या हिशेबाचा कागद), पीकविमा, मॉइश्चर (दाण्यातला ओलावा) यांपैकी एकही शब्द कुणी लिहिला नव्हता. शेतावर निबंध लिहायचा म्हटल्यावर शेतातलं काही लिहायचं नसतं, एवढं शाळेनं त्यांना पक्कं शिकवलं होतं.

दुसरी गोष्ट कबूल करायला जड जाते. उदाहरण चुकलं की मुलाला आम्ही काय म्हणतो? 'अभ्यास कर, नाहीतर ढोरं वळावी लागतील.' मीही म्हटलंय, चांगलं दहा-बारा वर्षं. म्हणजे परिपाठात पोशिंद्याची आरती करायची आणि तासाला त्याच्याच जगण्याची शिक्षा म्हणून भीती घालायची. यातलं खरं कुठलं हे मुलांना बरोबर कळतं.

शाळेत शेती हा विषय आणायची घोषणा आपल्याकडे अधूनमधून होते. झाली की सगळ्यांनाच आवडते. शेतीविरुद्ध बोलणार कोण? मलाही हा विषय शाळेत हवा आहे. पण तो कसा येईल याची धास्ती वाटते. एक पुस्तक निघेल, मुखपृष्ठावर धोतर-पागोट्यातला हसरा माणूस असेल आणि परीक्षेत प्रश्न येईल, 'शेतीचे महत्त्व पाच वाक्यांत लिहा.' शेतीचं महत्त्व मुलांना शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. महत्त्व शिकवून झालंय, त्रेचाळीस वह्या भरून झालंय. शिकवायचा राहिलाय तो हिशेब.

त्याच वर्षी, २०२४च्या दिवाळीनंतर, वर्गात मी फळ्यावर एक एकर सोयाबीन मांडलं. आकडे मुलांनी घरी विचारून आणले. त्यावर भांडणं झाली, कुणाच्या बापानं जास्त खत टाकलं यावरून टिंगल झाली आणि शेवटी सगळ्यांना पटेल असा एक हिशेब उतरला. नांगरट, रोटाव्हेटर आणि पेरणी मिळून ४,५०० रुपये. बियाण्याची एक बॅग ३,०००. खत २,०००. तणनाशक आणि दोन फवारण्या ३,५००. कापणी ४,०००. मळणी क्विंटलला ३०० प्रमाणे १,८००. मोंढ्यापर्यंतचं, म्हणजे धान्यबाजारापर्यंतचं भाडं आणि हमाली ७००. एकूण १९,५००. उतारा सहा क्विंटल, भाव मिळाला ४,१५०, म्हणजे हाती आले २४,९००. शिल्लक ५,४००. मुलं खूश झाली, कारण उत्तर अधिक आलं होतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी एरवी फारसं बोलत नाही. तिनं विचारलं, "सर, आईची मजुरी कुठं लिहायची?"

वर्ग गप्प. मग एक जण म्हणाला, आईला कुठं मजुरी असते? ती म्हणाली, "शेजारच्यांच्या रानात गेली की तीनशे मिळतात. आमच्या रानात गेली की नाही. का?" आम्ही फळ्यावर नवी ओळ काढली. आई-वडील दोघांचे मिळून पस्तीस दिवस, तीनशेनं साडेदहा हजार. शिल्लक गेली आणि ५,१०० रुपयांची तूट आली. कुणीतरी म्हणालं, हमीभाव मिळाला असता तर? त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. तो धरून पुन्हा मांडलं, तरी ६४८ रुपये कमीच पडले.

त्या मुलीला माहीत नव्हतं, पण देशातला शेतीमालाच्या भावाचा सगळ्यात मोठा वाद तिनं तिच्या बाकावरून उभा केला होता. कृषिमूल्य आयोग खर्च वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतो. ए-२ म्हणजे खिशातून गेलेला पैसा. त्यात एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत मिळवली की सरकार ज्याच्या दीडपट हमीभाव देतो म्हणतं तो आकडा येतो. सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याजही धरतात. स्वामिनाथन आयोगानं २००६ मध्ये खर्चाच्या वर निदान पन्नास टक्के द्या असं सुचवलं तेव्हापासून 'खर्च म्हणजे कोणता खर्च' यावर संघटना आणि सरकार यांची ओढाताण चालू आहे. कृषिमूल्य आयोगानं २०२४-२५साठी सोयाबीनचा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला होता. आमच्या फळ्यावर तो ५,००० निघाला. मग मुलांनी विचारलंच, "त्यांनी कोणाचं रान मोजलं?" मी म्हणालो, देशभरातली रानं मोजून सरासरी काढतात. आठवीत सरासरीवर इतका जिवंत तास मी त्याआधी घेतला नव्हता आणि नंतरही जमला नाही. सहाऐवजी दहा क्विंटल झालं असतं तर? दोन क्विंटलच झालं तर? सरासरी काढताना ज्याला दोनच क्विंटल झालं तो कुठं जातो? हे सगळं त्यांनी विचारलं. मी फक्त खडू पुरवला.

म्हणून वेगळं पुस्तक नको असं मी म्हणतो. शेती प्रत्येक विषयाच्या आत बसलेलीच आहे, तिला फक्त ओळख द्यायची आहे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे आमच्या पोरांना पाठ असतं, पण ते गणित आहे हे त्यांना ठाऊक नसतं, कारण पुस्तकातला आयत कायम कुणा दुसऱ्याच्याच बागेचा असतो.

पावसाचं घ्या. जुन्या माणसांकडे पावसाची नावं आहेत. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनांचा. ही नावं मुलांनी ऐकायला हवीत, त्यात गंमत आहे आणि निरीक्षणही आहे. पण आज पावसाचा हिशेब महसूल मंडळातल्या यंत्रावर होतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. यंत्र एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्या गावात, मग तहसीलसमोर मोर्चा. ज्या मुलाला मिलिमीटर कळत नाही त्याला हा मोर्चाही कळणार नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, हे सांगितलं की मुलं चमकतात. एकरात ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका सरीत एकरावर चाळीस हजार लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणायची. सारा देश टीव्हीवर ती गाडी बघत होता. भागाकार केला की कळतं, बासष्ट एकरांवर पडलेली ती एक सर म्हणजे ती अख्खी गाडी. ती गाडी मुलांनी घरच्यांच्या तोंडून ऐकली होती, पावसाची सरही ती दरवर्षी बघत होती. दोन्हींचा एकमेकींशी संबंध त्यांना त्या दिवशी लागला. त्या तासाला एकानं विचारलं, मग आपल्या रानातलं ते पाणी गेलं कुठं? तिथून बांध, नाला, बोअर, ऊस असा जो विषय निघाला तो घंटा झाली तरी संपेना.

विज्ञानाचं तर विचारूच नका. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचं मॉइश्चर बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून माल परत पाठवतात. शंभर ग्रॅम दाणे तोला, वाळवा, पुन्हा तोला, एवढा तो प्रयोग. बापाला ज्या आकड्यापुढं गप्प बसावं लागतं तो आकडा मुलगी स्वतः काढू शकते.

एक गोष्ट मात्र मी सक्तीची करीन. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल, पिवळी, निळी, हिरवी, अशी विषाची उतरती पायरी. हिरवी म्हणजे निर्धोक असं खेड्यात सर्रास समजतात, आणि ते चूक आहे. हिरवं म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे. डब्यावरचा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरात असतो, घरातली जुनी नजर तो वाचत नाही. आठवीतलं पोर वाचू शकतं. रिकामा डबा धुऊन त्यात पाणी भरू नये, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं फवारू नये, तोंडानं नोझल फुंकू नये, हे घरी सांगणारा माणूस शाळा तयार करू शकते. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या एक वर्ष उशिरा पाठ झाली तरी कुणी मरत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. अभ्यासक्रम आधीच जड आहे, शिक्षकांना शेतीचं काय कळतं, हे दोन आक्षेप नेहमीचे आहेत. पहिल्याचं उत्तर वर येऊन गेलं. दुसऱ्याबद्दल एवढंच सांगतो की हा प्रश्न आजचा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं, जमेल तिथं शाळेला जोडून लहानसं नमुना शेत असावं अशी मागणी केली होती. शिक्षक कसा हवा हेही त्यांनी लिहिलं होतं. वेळ पडली तर नांगराचं रुमणं (मूठ) किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा. एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. आमच्यापैकी निम्मे शिक्षक शेतकऱ्यांचीच पोरं आहेत, रविवारी शेतातल्या आखाड्यावरही जातात. सोमवारी शाळेत येताना मात्र ते ज्ञान मोटारसायकलच्या डिकीत ठेवून येतात.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो, आणि तो मला एका आईनं ऐकवला. शाळेमागच्या जागेत मुलांबरोबर वाफे करायचे म्हणून पालकांची बैठक घेतली होती. ही बाई दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते, स्वतःची जमीन नाही. ती उठली आणि म्हणाली, "खुरपं तर तिच्या नशिबाला हायच की सर. ते शिकवायला शाळा कशाला पायजे? तुम्ही तिला इंग्रजी शिकवा." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं.

तिचं म्हणणं हलक्यात घेऊन चालणार नाही. गाव आणि शेती यांचं गोड चित्र काढणाऱ्यांत बहुतेक वेळा ज्यांच्या नावावर जमीन होती तेच असतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर वाकून काम केलं, त्यांच्यासाठी शाळा म्हणजे त्या बांधावरून निघून जाण्याची वाट. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना सुनावलं ते याच अनुभवातून. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढं आली. हातांना काम देऊन शिकवायची कल्पना मला आजही मोलाची वाटते, पण ती फार पसरली नाही. त्यामागं हेही एक कारण असावं असं मला वाटतं की गरिबाच्या पोराला चरखा आणि कुदळ, साहेबाच्या पोराला पुस्तक, अशी शंका पालकांच्या मनात राहिली. शंका वावगी नव्हती. शहरातल्या महागड्या शाळांनी कुठं ती कुदळ उचलली?

तेव्हा माझी अट अशी. शेती शिकवायची तर ती पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतही तेवढीच शिकवा, नाहीतर कुठंच नको. आणि तिथं ती आत्ता शिकवतात तशी नको. बस काढायची, कुठल्यातरी कृषी पर्यटन केंद्रात न्यायचं, बैलगाडीची फेरी, हुरडा, डोक्याला फेटा, फोटो. त्यापेक्षा पहाटे पाचला मुलांना पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्या. कांद्याची गाडी कुठून निघाली, किती वाजता निघाली, गोणी कितीला गेली, पट्टीत हमाली किती, तोलाई किती, आणि तोच कांदा सकाळी नऊला सोसायटीच्या दारात किलोला काय भावानं आला, एवढं एका कागदावर लिहायला लावा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली, तीही चाळीस टक्के निर्यातशुल्क ठेवून. त्या पाच महिन्यांत शहरातल्या घरात काय स्वस्त झालं आणि लासलगावात कुणाचं काय गेलं, हा नागरिकशास्त्राचा धडा आहे. ज्या मुलाच्या घरी कांदा महागल्यावर टीव्हीपुढं आरडाओरडा होतो त्यानं तर तो आधी शिकावा. मोठेपणी मत देणार तोही आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंच आहे. त्यातला एक दिवस मार्केट यार्डाला दिला तर बाकीचे नऊ दिवस रुसणार नाहीत.

आणि त्या आईच्या मुलीला? तिला खुरपं शिकवायचं नाहीच. तिला सातबारा वाचायला शिकवायचा. आपल्या राज्यात २०१५-१६ च्या कृषिगणनेत शेतकऱ्यामागं सरासरी जमीन १.३४ हेक्टर होती, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. दोन पोरांत वाटली की पावणेदोन एकराच्याही आत. वर्गात मी विचारतो, तीन भावंडांत किती? मुलं भावांची संख्या मोजून उत्तर देतात, बहिणी धरतच नाहीत. हिंदू वारसा कायद्यानं महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे, आणि तरी लग्नानंतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायला तिला माहेरी बोलावतात, साडीचोळीसह. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा दुसऱ्या दिवशी एक पालक भेटायला आले. आवाज चढवला नाही, चहा घेतला, म्हणाले, "सर, गणितापुरतं गणित शिकवा." खरी शेती शाळेत आली की सगळ्यांनाच आवडेल असं नाही. निबंधातल्या शेतीला कुणाचाच त्रास नसतो, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

करून दाखवणारे आपल्याकडे झालेच नाहीत असं नाही. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथून मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम शाळांत गेला त्यात शेती-पशुपालन हे वेल्डिंग, वीज, आरोग्य यांच्या शेजारी बसतं. मुलगा एक दिवस रोपवाटिकेत, दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये. मला त्यातला हा शेजार आवडतो. शेती तिथं देव्हाऱ्यात नाही, शिक्षाही नाही. नांगराचा फाळ आणि बिजागरी एकाच हातानं करायची कामं आहेत. त्याहून जुनी आठवण म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाड परिसरातल्या कुरणशाळा. मुलं गुरांमागं जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी बिऱ्हाडं कोयता घेऊन कारखान्याकडे जातात. वर्गातली पोरं त्यांच्याबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. उसाच्या फडाबद्दल त्यांना माझ्यापेक्षा दसपट माहिती आहे. मार्चअखेर परत येतात तेव्हा आम्ही त्यांना मागासलेले म्हणून वेगळं बसवतो. शेती हा विषय मी म्हणतो तसा आला तर निदान एका तासाला ती पुढच्या बाकावर असतील.

आमचे वाफे झाले. त्या आईशी तडजोड अशी ठरली की तिची मुलगी खुरपं धरणार नाही, वही धरेल. शाळेमागं एक गुंठा जागा आहे, पाणी हातपंपाचं. मेथी, पालक आणि थोडा कोथिंबिरीचा वाफा. भाजी खिचडीत जाते आणि तिचा बाजारभाव वहीत जमा होतो. सरळ कडांच्या बाटलीचं पर्जन्यमापक केलं आहे, रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद होते. खुरपणीला किती मुलं, किती मिनिटं, हेही लिहायचं, मजुरीच्या दरानं. मागच्या ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी कुंपणाची फांदी सरकवून कुणाची तरी शेळी आत शिरली आणि मेथीचा अख्खा वाफा साफ करून गेली. सोमवारी मोठी चर्चा झाली. नुकसान नैसर्गिक आपत्तीत धरायचं की हलगर्जीपणात? पंचनामा कुणी करायचा? शेळीचा मालक वर्गातल्याच एकाचा चुलता निघाला, त्यामुळे तो मुलगा नैसर्गिक आपत्तीच्या बाजूनं फार हिरिरीनं बोलला. शेवटी वहीत नोंद झाली ती अशी: 'शेळी – १६० रुपये. भरपाई – येणे बाकी.'